'वाईट नाही' म्हणजे नक्की किती चांगलं?

आडवळण
बरेच दिवस डोक्यात हा किडा वळवळतोय म्हणून शेवटी विचारतोच. आपण बोलताना सर्रास उलटा शब्द घेतो, त्याला 'नाही' जोडतो आणि त्यातून भलतंच काहीतरी सांगून मोकळे होतो. 'वाईट नाही', 'तो काही दूधखुळा नाही', 'ही काही लहान गोष्ट नव्हे', 'गर्दी थोडीथोडकी नव्हती' वगैरे वगैरे. आता मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, माझ्याकडे नकाराचा नकार केला की गाडी मूळ जागी येते, विषय संपला. पण 'वाईट नाही' आणि 'चांगलं आहे' यांची किंमत काही सारखी नसते, आणि गंमत म्हणजे कधी ती 'चांगलं'पेक्षा जास्त निघते नि कधी कमी. तोच माणूस, तेच दोन शब्द, एकदा शाबासकी वाटते आणि एकदा 'चालवून घेतो आता' असं वाटतं.

तर प्रश्न असा की याला अलंकारांत काही नाव आहे का (शाळेत जे घोकले त्यात हा आठवत नाही), आणि हे वर जातंय की खाली ते ऐकणाऱ्याला कळतं कसं? काही नियम आहे का सगळं बोलणाऱ्याच्या भुवयांवर सोडलंय? लायटोटीज हे नाव सापडलं, पण पुढे जिथेतिथे नुसती उदाहरणांची यादी, असं का होतं ते कोणी सांगत नाही.

पाटीपेन्सिल
नाव तेच. ग्रीक 'लितोस' म्हणजे साधा, बिनडामडौलाचा, त्यावरून आलंय. रोमन लोकांच्या वक्तृत्वाच्या जुन्या पुस्तकात यालाच 'देमिनुतिओ' म्हटलंय आणि तिथे कारणही दिलंय, की स्वतःबद्दल किंवा आपल्या पक्षकाराबद्दल मोठं काही सांगायचं असेल तर ते थोडं कमी करून सांगावं, नाहीतर माणूस फुशारक्या मारतोय असं ऐकणाऱ्याला वाटतं. म्हणजे मूळ उपयोग वकिली आहे, काव्यबिव्य नंतर.

जुनं उदाहरण हवं तर इलियडच्या शेवटच्या सर्गात आहे. म्हातारा प्रायम आपल्या मुलाचं प्रेत मागायला थेट शत्रूच्या, अकिलीसच्या तंबूत जाणार असतो, तेव्हा झ्यूस त्याला निरोप धाडतो की अकिलीस 'ना बेअक्कल आहे, ना बेपर्वा, ना पापी'. लागोपाठ तीन नकार. 'तो भला माणूस आहे' असं झ्यूस म्हणत नाही, म्हणूच शकत नाही, कारण त्याच माणसाने ते प्रेत रथाला बांधून फरपटवलेलं असतं.

शाळेच्या यादीत हा नाही हे खरं. तिथे नकार घेऊन येणारा अलंकार म्हणजे अपन्हुती, 'न हे नयन, पाकळ्या उमलल्या सरोजांतिल' वाला, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. तिथे डोळे नाकारून त्या जागी पाकळ्या बसवल्यात. इथे नाकारून झाल्यावर जागा रिकामीच ठेवतात आणि ती तुम्ही भरायची असते. मराठीत न्यूनोक्ती, म्हणजे आहे त्यापेक्षा कमी करून सांगणं, म्हटलं तर चालेल, पण न्यूनोक्ती जरा मोठं कुटुंब आहे, त्यात नकार असलाच पाहिजे असं नाही.

नन्नाचा_पाढा
माझं नाव बघून लोक मला टॅग करणार होतेच 😄

कोडवाल्या भाऊंचा घोटाळा कुठे होतोय सांगतो. तुमच्याकडे खरं आणि खोटं या दोनच खोल्या आहेत, एकीतून हाकललं की दुसरीत जाण्याशिवाय इलाज नाही. भाषेतल्या बहुतेक जोड्या तशा नसतातच. सुखी आणि दुःखी यांच्यामध्ये भलामोठा ओसाड पट्टा आहे, जिथे माणूस सुखीही नसतो नि दुःखीही नसतो, नुसता असतो. 'मी दुःखी नाही' म्हटल्यावर मी त्या पट्ट्यात आहे की पलीकडे सुखात आहे हे मी सांगितलेलंच नाही, ते तुम्ही ओळखायचं. लॉरेन्स हॉर्न नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९८९ साली नकार या एकाच विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलंय, त्यात या मधल्या पट्ट्याचा चांगलाच कीस पाडलाय.

आता खरी मजा. हा नकार दोन्ही बाजूंना सारखा चालत नाही! 'वाईट नाही' म्हटलं की आपण मधल्या पट्ट्यात कुठेतरी थांबतो, फार तर चांगल्याच्या उंबऱ्यापर्यंत जातो. पण 'चांगलं नाही' म्हटलं की थेट वाइटात, मध्ये थांबाच नाही. 'मला ते फारसं आवडलं नाही' याचा अर्थ शब्दशः घेतला तर थोडं आवडलं असा निघतो, पण आजवर कोणी तो तसा घेतलाय का? ऐकणारा समजून जातो की अजिबात आवडलेलं नाही, फक्त तोंडावर सांगवत नाहीये. म्हणजे वाईट बोलायचं असतं तेव्हा आपण नकाराआड लपतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सगळे त्यात मनाने भर घालून ऐकतात. कौतुक लपवायचं तसं काही कारण नसतं, त्यामुळे तिथे कोणी भर घालत नाही आणि कौतुक आहे तेवढंच, अर्धंमुर्धं, पोचतं.

दुसरं म्हणजे नाकारलेला शब्द किती जहाल आहे ते बघा. 'टुकार नाही' हे कौतुक म्हणायचं का? टुकार नसणं ही किमान पात्रता झाली. 'वाईट नाही' जरा बरं. 'साधासुधा माणूस नाही' म्हटलं की एकदम वजन येतं. शब्द जितका सौम्य घ्याल तितका त्याचा नकार वर उडतो, जितका जहाल घ्याल तितका जमिनीलगत राहतो. मी वरिष्ठांच्या शेऱ्यांमध्ये हे पडताळून बघतो नि बहुतेक वेळा बरोबर निघतं.

आणि 'थोडीथोडकी नव्हती' ला तर शंकेलाच जागा नाही, कारण 'गर्दी थोडीथोडकी होती' असं कोणी सरळ बोलल्याचं फारसं कानावर येत नाही. हा शब्द नकारासोबतच संसार करतो, त्यामुळे तो वर जातोय की खाली हा प्रश्नच येत नाही.

उगाच_एक
'घातपाताची शक्यता नाकारता येत नाही.' बातम्या देणाऱ्यांचं अख्खं घर या एका वाक्यावर चालतं. शक्यता आहे असं आम्ही म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही, उद्या काहीही निघालं तरी आमची कॉलर टाईट.

मोरपंखी_शाई
नन्ना, बाकी सगळं मान्य पण मधल्या पट्ट्यावर सगळा भार टाकू नका. 'अशक्य नाही' घ्या. शक्य आणि अशक्य यांच्यामध्ये कुठला पट्टा? काहीच नाही, तुमच्या हिशेबाने याचा अर्थ जसाच्या तसा 'शक्य आहे' असा व्हायला हवा. पण कोणाला विचारलं 'हे शक्य आहे का' आणि तो म्हणाला 'अशक्य नाही', तर तुम्ही त्याच्या भरवशावर कामाला लागाल का? येस्पर्सन नावाचे डॅनिश व्याकरणकार होते, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हे नोंदवून ठेवलंय की असे दोन नकार एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत, लांबचा फेरा मारून आलेलं विधान सरळ विधानापेक्षा दमलेलंच असतं आणि त्यातून बोलणाऱ्याची चलबिचल दिसते.

मला स्वतःला यावर सगळ्यात नेमकं बोललेला माणूस वामन वाटतो, जुना संस्कृत काव्यशास्त्रकार, काव्यालंकारसूत्रवाला. त्याचं सूत्र आहे 'संभाव्यनिषेधनिवर्तने द्वौ प्रतिषेधौ'. म्हणजे जिथे नकाराची शक्यता समोरच्याच्या मनात आधीच येऊ घातलीय, तिला परतवून लावायला दोन नकार वापरतात. बघा किती सोपं केलंय! प्रश्न दोन खोल्यांचा नाही की तीन खोल्यांचा नाही, समोरचा काय धरून बसलाय याचा आहे. कोणाच्याही मनात नसलेली गोष्ट नाकारली तर वाक्य विचित्र वाटतं. मी उगाच येऊन 'माझा भाऊ चोर नाही' म्हटलं तर तुम्ही पहिल्यांदा आपलं पाकीट चाचपाल 😅

याचं माझं लाडकं उदाहरण फ्रेंच आहे, कॉर्नेयचं १६३७ सालचं नाटक 'ल सिद'. रॉद्रिगने द्वंद्वात शिमेनच्या बापाला मारलंय, आणि त्याच रॉद्रिगवर तिचं प्रेम आहे. तो स्वतःहून तिच्यासमोर येतो नि म्हणतो घे, मार मला. आणि ती म्हणते 'जा, मी तुझा द्वेष करत नाही'. बस. सगळ्या जगाची, घराण्याची, तिची स्वतःचीसुद्धा अपेक्षा आहे की तिने द्वेष केला पाहिजे, आणि ती फक्त तेवढं नाकारते. 'प्रेम' हा शब्द तिथे उच्चारणं म्हणजे बापाशी बेइमानी झाली असती. हेच वाक्य ज्याच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही अशा माणसाला म्हणून बघा, त्यात प्रेमाचा थेंबही सापडणार नाही. शब्द तेच आहेत, फक्त परतवून लावायला काही नाही.

आडवळण
हे वामन प्रकरण भारी आहे, म्हणजे नकाराला आधी कोणीतरी केलेला आरोप लागतो, उघड नाहीतर मनातल्या मनात. मग 'काही' चं काय? 'तो मूर्ख नाही' आणि 'तो काही मूर्ख नाही' यात मला सरळ फरक ऐकू येतो पण सांगता येत नाही.

नन्नाचा_पाढा
मोरपंखी, 'अशक्य नाही' चा मुद्दा बिनतोड, घेतला.

'काही' बद्दल. 'तो मूर्ख नाही' ही माहिती झाली. 'तो काही मूर्ख नाही' म्हटलं की समोरचा त्याला मूर्ख धरून चाललाय असं मीच ठरवून टाकलं, आणि वर बजावलं की सांभाळून राहा. म्हणजे परतवून लावायची शक्यता नसली तर हा 'काही' ती जागच्या जागी तयार करतो. 'मी काही बोळ्याने दूध पीत नाही' मधून 'काही' काढा आणि परत वाचा, नुसती आहाराची माहिती उरते.

'कमी नाही' चं तर अजून वेगळंच. 'हिशेबात तो कमी नाही' हे सरळ कौतुक. 'तो काही कमी नाही', इथे कौतुक आहे की सावधगिरीची सूचना आहे कळत नाही. आणि 'तोही काही कमी नाही' म्हटलं की उरलंसुरलं कौतुक संपलं, भांडणात दोघंही सारखेच बेरकी आहेत एवढाच अर्थ. एक 'काही' नि एक 'ही' घातला, बाकी वाक्याला हात लावला नाही.

इकडचा_तिकडे
दोन नकारांनी होकार होतो हे सगळ्या भाषांना लागू नाही हं, हा धागा वाचून कोणी रशियन किंवा स्पॅनिश बोलायला जाईल म्हणून सांगतोय. तिथे 'कोणीच नाही नाही आलं' अशा धाटणीचं वाक्य नेहमीचं व्याकरणशुद्ध वाक्य आहे आणि अर्थ फक्त कोणी आलं नाही. दोन्ही नकार एकाच कामावर असतात, खोडाखोडी काही नाही, अलंकारबिलंकार तर त्याहून नाही.

पाटीपेन्सिल
अपेक्षेचा मुद्दा निघालाच आहे तर इतिहासातली एक जबरदस्त न्यूनोक्ती सांगतो. १५ ऑगस्ट १९४५, दुपारी जपानच्या रेडिओवर सम्राट हिरोहितोंचं भाषण लागलं, आदल्या रात्री ध्वनिमुद्रित केलेलं. ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ला नागासाकी, मधेच सोव्हिएत रशियाने युद्ध पुकारलेलं. आणि सम्राट काय म्हणतात, युद्धाच्या परिस्थितीने जपानच्या बाजूने वळण घेतलंच आहे असं नाही. अहो!! दोन शहरं राखेत गेलीयत नि 'घेतलंच आहे असं नाही'. भाषणात शरणागती हा शब्दच नाही, वर भाषा दरबारी, जुन्या वळणाची, त्यामुळे ऐकणाऱ्या कित्येकांना हरलो की लढत राहायचं हेच पटकन उमगलं नाही.

इथे परतवून लावायचं होतं ते वर्षानुवर्षं सांगितलेलं 'आपण जिंकतोय'. ते खोटं होतं असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून फक्त त्याची कड थोडी दुमडली. मला हे वाक्य सुंदर वाटत नाही, थंड वाटतं. पण अलंकार म्हणून काम चोख केलंय.

मोरपंखी_शाई
उलट टोकाचं एक देते, विज्ञानातलं. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर' मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा लेख आला, जेमतेम पानभराचा. शेवटाकडे एक वाक्य आहे, त्याचा भावार्थ असा की आम्ही जी विशिष्ट जोड्यांची रचना मांडली तिच्यातून जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असेल याची एक शक्यता ताबडतोब सुचते, 'ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही'. आनुवंशिकता चालते कशी याची किल्ली हाताशी आलीय आणि हे म्हणतात नजरेतून सुटलेली नाही 🙄 लोकांनी त्याला लाडिक आविर्भाव म्हटलं, कोणी ब्रिटिश नम्रता म्हटलं.

पण क्रिकनेच नंतर लिहिलंय की ती नम्रता वगैरे नव्हती, तडजोड होती. त्याला लेखात आनुवंशिकतेवर सविस्तर लिहायचं होतं, वॉटसनचा विरोध होता, त्याला अधूनमधून धाकधूक वाटायची की रचनाच चुकली असली तर तोंडघशी पडू. मग ना तुझं ना माझं असं हे वाक्य पडलं. आज रचना बरोबर आहे हे माहीत असल्यामुळे आपल्याला ते डौलदार वाटतं. चुकीची निघाली असती तर तेच वाक्य बचावाला कामी आलं असतं, आम्ही कुठे काय म्हटलं, फक्त नजरेतून सुटलं नाही म्हटलं. म्हणून आडवळण, तुमच्या 'वर जातंय की खाली' चं उत्तर कधीकधी बोलणाऱ्यालाही माहीत नसतं, त्याने दोन्ही दारं उघडी ठेवलेली असतात.

उगाच_एक
म्हणजे 'शक्यता नाकारता येत नाही' वाले नोबेलच्या रांगेत आहेत तर.

मोरपंखी_शाई
@उगाच_एक त्यांनी आधी शोध लावावा, मग लाजावं 😂

झाडाझडती
उशिरा आलो पण हे राहिलं म्हणून. या प्रकाराला वैतागलेला माणूस म्हणजे ऑर्वेल. १९४६ च्या भाषा आणि राजकारणावरच्या निबंधात त्याने सांगितलंय की ही खोड जायला एक वाक्य पाठ करा, मराठीत ओढूनताणून आणायचं तर 'एक अकाळा नसलेला कुत्रा एका अलहान नसलेल्या सशामागे अहिरव्या नसलेल्या मैदानातून धावत होता'. वाचून हसू येतं, पण का येतं ते वरचे वामन वाचल्यावर मला आत्ता कळलं. कुत्रा अकाळा असेल असं कोणी धरलेलंच नसतं! हिरव्याला उलटा शब्दही नाही नि पाहणाऱ्याच्या मनात शंकाही नाही. ऑर्वेलचा राग खरा होता, वजनदार दिसायला लोक जिथेतिथे हे घुसडायचे, पण त्याने उदाहरणं मुद्दाम अशी घेतलीत की अलंकाराला उभं राहायला जमीनच मिळू नये.

आणि पाटीपेन्सिल म्हणतात त्या मोठ्या कुटुंबाबद्दल, नकार नसलेल्या न्यूनोक्तीला मायोसिस म्हणतात. हो हो, पेशीविभाजनातलाच शब्द, दोन्हीकडे अर्थ 'कमी करणं'. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात शिरलं, तेव्हा कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं की एक छोटासा प्रॉब्लेम आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती चालू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतोय, आणि शेवटी, तुम्ही फार त्रासात नसाल अशी आशा आहे. एकाच घोषणेत 'छोटासा प्रॉब्लेम' हा मायोसिस आणि 'फार त्रासात नसाल' हा त्याचा नकारवाला धाकटा भाऊ. विमान सुखरूप उतरलं.

आडवळण
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं (हे पण तेच झालं का? 😄). शेवटची शंका. बोलताना सूर असतो, चेहरा असतो. टाईप करताना काय? मी टीममध्ये कोणाच्या कामावर 'वाईट नाही' लिहिलं की समोरून पाच मिनिटं काहीच येत नाही, मग येतं 'काय बदलू?'

नन्नाचा_पाढा
कारण लेखी शेऱ्यात माणूस आधीच टीका धरून बसलेला असतो, मग 'वाईट नाही' मधला 'वाईट' तेवढाच वाचतो. सूर हवाच असेल तर शब्दांत घाला. 'अजिबात वाईट नाही' लिहिलंत तर वर जातं. 'अगदीच वाईट नाही' लिहिलंत तर खाली जातं, म्हणजे वाईट आहे पण अगदीच नाही. 'अजिबात' नकाराला जोर देतो आणि 'अगदीच' त्या वाईटाला, दोघं शेजारी दिसतात म्हणून एकाच्या जागी दुसरा टाकू नका.

मोरपंखी_शाई
आणि 'वाईट नाहीच' तर मुळीच लिहू नका. तो 'च' लागला की तिथे आधी कोणीतरी त्याला वाईट म्हणून गेलंय हे नक्की होतं, मग बिचारा काय बदलू विचारायच्या ऐवजी कोण म्हणालं ते विचारत बसेल.